महागाईचं माप कुणाच्या हातात?



महागाईवर सभा झाली की दोन तऱ्हेची भाषणे ऐकू येतात. सरकार पक्षाचा पुढारी उठतो आणि सांगतो, आम्ही फुकट धान्य दिले, बहिणींच्या खात्यात पैसे टाकले, गॅसची टाकी स्वस्त केली. मग विरोधी पक्षाचा पुढारी उठतो आणि सांगतो, एवढ्यानं काय होतंय, आम्ही आलो तर याच्या दीडपट देऊ. दोघेही देणारे! घेणारे तेवढे आपण.

आम्हा गिरणीतल्या माणसांना या देण्याघेण्यात एक खोट दिसते. साच्यावरचा विणकर पाळीभर राबतो, पण मजुरी मिळते ती वहीत जेवढे मीटर चढतील तेवढ्याचीच. मोजणारा मालकाचा, वही मालकाची. म्हणून शहाणा कामगार दर वाढवून मागण्याआधी मोजणी आपल्यासमोर करा म्हणतो. महागाईचेही तेच आहे. भाव किती चढला हे ठरवणारी वही ज्याच्या हातात, त्याच्याच हातात आपला पगार. त्या वहीबद्दल एकही पुढारी बोलत नाही. म्हणून आम्ही बोलतो.

महागाई भत्ता ही कुणाची मेहेरबानी नव्हे. पहिल्या महायुद्धात धान्याचे, कापडाचे भाव आभाळाला भिडले आणि जानेवारी १९१९ मध्ये मुंबईत लाखाहून अधिक गिरणी कामगार बाहेर पडले. पुन्हा दुसरे महायुद्ध सुरू झाले, पुन्हा भाव चढले, आणि मार्च १९४० मध्ये मुंबईच्या गिरण्या महागाई भत्त्यासाठी बंद पडल्या. पोटाला चिमटा काढून आपल्या पणज्यांनी हा भत्ता मिळवला. त्यातला विचार अगदी साधा होता. भाव जितके चढतील तितका पगार आपोआप चढला पाहिजे, दर वेळी मालकाच्या दारात उभे राहायला नको. त्यासाठी भावाचा एक आकडा धरायचा, त्याला निर्देशांक म्हणायचे, आणि त्या आकड्याच्या दर अंशामागे पैसे ठरवायचे.

पण आकडा धरला म्हणजे आकडा काढणाराही आला!

मुंबईच्या कामगारांसाठी जो निर्देशांक चालत असे त्याचे मूळ १९३३-३४ सालचे. त्या वर्षीचे भाव म्हणजे १००. कामगाराच्या घरात काय लागते याची पाहणी १९३२-३३ सालची. म्हणजे मधे दुसरे महायुद्ध झाले, १९४३ साली मुंबईत रेशन आले, स्वराज्य आले, १९६० साली महाराष्ट्र आला, तरी गिरणी कामगाराचा भत्ता मोजला जात होता तो त्याच्या बापाच्या तरुणपणीच्या संसारावरून. तीस वर्षांत माणूस काय खातो, काय नेसतो, कुठे राहतो, पोर शाळेत जाते की नाही, सगळे बदलले. वही तीच.

कामगारांना हे कळत होते, कारण बाजार त्यांच्या घरच्या बायका करीत होत्या. वाण्याकडचा भाव एक आणि सरकारी आकडा दुसरा. १९६३ साली हा असंतोष फुटला. त्या साली दिल्लीत अर्थमंत्री मोरारजी देसाई. १९५६ पर्यंत मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते तेच हे गृहस्थ. त्यांच्या अमदानीत मुंबईसाठी मराठी माणसाने गोळ्या खाल्ल्या, ते कुणाला नव्याने सांगायला नको. चिनी युद्धानंतर त्यांनी सोने नियंत्रण आणले आणि गावोगावचे सोनार बेकार केले. वर सक्तीची बचत योजना आणली. भाव चढताहेत, आणि सरकार म्हणते हातातले पैसे काढून ठेवा! त्यात हा निर्देशांकाचा घोळ. युनियनांनी आकडा खोटा असल्याचा आवाज उठवला. राज्य सरकारला तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. अध्यक्ष होते प्राध्यापक लकडावाला.

१९६४ साली समितीचा अहवाल आला. कामगार म्हणत होते ते खरे निघाले. निर्देशांक असायला हवा त्यापेक्षा कमी दाखवला जात होता. १९६० सालच्या पायावरचा नवा आकडा जुन्यात बदलताना ४.४४ ने गुणायचे ठरले, आणि हा ४.४४ चा आकडा पुढे वर्षानुवर्षे गिरण्यांच्या आणि कारखान्यांच्या करारांत राहिला. इंग्रजी न येणाऱ्या, चौथी शिकलेल्या माणसांनी मोठ्या पगाराच्या हिशेबनिसांची चूक पकडली. या लढ्याचे पुतळे नाहीत, पोवाडे नाहीत. पण मराठी राज्यात कामगारांनी सरकारच्या तोंडून चूक कबूल करून घेतली, ही काही लहान गोष्ट नव्हे.

सरकार यातून काय शिकले? आकडा बरोबर काढायला थोडेफार शिकले असेल. त्याहून जास्त शिकले ते भत्ता कसा अडवायचा हे.

१९७२-७३ चा दुष्काळ आठवा. आम्ही तो थोरल्यांच्या तोंडून ऐकला आहे. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या बायांनी महागाई प्रतिकाराची समिती उभी केली आणि हजारो बाया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. मे १९७४ मध्ये रेल्वे कामगारांचा संप झाला. यावर दिल्लीने काय केले? १९७४ च्या जुलैत वटहुकूम काढला. पगारवाढ झाली तर ती सगळी आणि वाढीव महागाई भत्त्यातला निम्मा भाग सक्तीने सरकारजमा. का, तर कामगाराच्या हातात पैसा गेला की भाव वाढतात. म्हणजे भाव वाढले म्हणून भत्ता, आणि भत्ता दिला म्हणून भाव वाढतात, सबब भत्ता नको! धान्य दाबून ठेवणारा, काळ्या पैशाचा धनी, त्याच्यामुळे भाव वाढत नाहीत का? तिकडे वटहुकूम इतक्या चपळाईने पोचत नाही.

पुढे २०२० साली साथ आली. केंद्र सरकारच्या नोकरांचा आणि निवृत्तांचा महागाई भत्ता १ जानेवारी २०२० पासून ३० जून २०२१ पर्यंत गोठवला गेला. जुलै २०२१ पासून भत्ता १७ टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर नेला, पण मधल्या अठरा महिन्यांची थकबाकी दिली नाही. कुणी म्हणेल, ते सरकारी नोकर, त्यांचे आपल्याला काय? आहे. जो हात पक्क्या नोकराचा भत्ता अडवायला कचरत नाही, तो कंत्राटी पोराला काय सोडणार? आणि खरं सांगायचं तर देशातल्या दहा कामगारांतल्या सुमारे नऊ जणांना गोठवण्याइतकाही भत्ता नाही.

आता आजच्या वहीकडे येऊ. औद्योगिक कामगारांचा निर्देशांक केंद्राच्या श्रम ब्युरोकडून निघतो. कचेरी शिमल्याला आणि चंदीगडला. कागद इंग्रजीत आणि हिंदीत. २०२० च्या सप्टेंबरपासून या निर्देशांकाचा पाया २०१६ साल धरला. त्याआधी पाया २००१ चा, त्याआधी १९८२ चा, त्याआधी १९६० चा. जोडाचे आकडे ४.९३, ४.६३ आणि २.८८. हे तिन्ही एकमेकांना गुणा आणि २०२५ च्या पावसाळ्यानंतरचा १४७ च्या घरातला आकडा त्याला जोडा. ज्या वर्षी महाराष्ट्र झाला त्या १९६० साली जे एका रुपयात येत होते, त्याला २०२५ मध्ये सुमारे ९६ रुपये लागले, असे सरकारचीच वही सांगते. आता प्रत्येकाने आपल्या आजोबाचा त्या वेळचा पगार घरी विचारावा आणि ९६ ने गुणून पाहावा. ज्यांचे आजोबा मुंबईच्या गिरणीत कायम होते त्यांनी जरूर पाहावा. कंत्राटी नातू किती मागे आहे हे पाटीवर लिहून दिसेल.

पाया बदलताना आणखी एक गोष्ट बदलली, तिच्याकडे फार कुणाचे लक्ष गेले नाही. २००१ च्या पायात शंभर रुपये खर्चातले ४६ रुपये २० पैसे खाण्यापिण्याचे धरले होते. २०१६ च्या पायात ते ३९ रुपये १७ पैसे झाले. म्हणजे उद्या धान्य, डाळ, तेल, भाजी, दूध सगळे दहा टक्क्यांनी महागले, तर जुन्या हिशेबाने निर्देशांक साडेचार टक्क्यांहून जास्त चढला असता. नव्याने चार टक्केही चढत नाही. सरकार म्हणते, लोक आता औषधावर, शाळेवर, प्रवासावर, टेलिफोनवर जास्त खर्च करतात, म्हणून तिकडचा वाटा वाढवला. ते खोटे नाही. आमच्याही घरात मुलांची फी आणि दवाखाना पगाराचा लचका तोडतो. पण सरासरी कुणाची? पक्क्या नोकरीत चांगला पगार घेणारा आणि बारा तास साचे चालवणारा एकाच पिशवीत घातले की सरासरी निघते, माणूस निघत नाही. ज्याचा पगार कमी त्याच्या पगारातला पोटाचा वाटा मोठा, हे जगातला कुठलाही अर्थशास्त्री सांगेल. आमच्यातल्या कंत्राटी पोरांचे निम्मे पैसे वाण्याच्या वहीत जातात. त्यांच्यासाठी ३९ चा आकडा परक्याचा आहे.

आणि यावरही काही शहाणे समाधानी नाहीत! केंद्र सरकारच्या २०२४ च्या आर्थिक पाहणीत अशी सूचना आली की रिझर्व्ह बँकेने महागाईचे लक्ष्य ठरवताना अन्नधान्याचे भाव बाजूला ठेवण्याचा विचार करावा. भाजीचे भाव पावसावर चढतात उतरतात, व्याजाचा दर त्याला काय करणार, असा त्यांचा युक्तिवाद. पुस्तकात शोभेल. पण पोट बाजूला ठेवून महागाई मोजणे म्हणजे नवरदेव घरी ठेवून वरात काढणे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने मोठ्या आनंदाने जाहीर केले की ऑक्टोबरमध्ये किरकोळ महागाईचा दर पाव टक्क्यावर आला. लोक चकित. आमच्या खात्यातल्या एकाने विचारले, मग स्वस्त काय झालं? प्रश्न बरोबर आहे, म्हणून नीट उकलून सांगतो. दर पाव टक्का म्हणजे भाव खाली आले असे नव्हे. गेल्या वर्षी याच महिन्यात भाव जिथे होते तिथेच जवळजवळ आहेत, एवढाच अर्थ. आधीच्या पाच वर्षांत जी चढण चढून गेलो ती काही उतरलो नाही. दुसरे, हा दर इतका खाली आला तो मुख्यतः खाण्याच्या वस्तूंमुळे. त्या महिन्यात अन्नाचे भाव वर्षापूर्वीपेक्षा पाच टक्क्यांनी उतरले होते. भाजी उतरली, कांदा उतरला. घरभाडे उतरले का? शाळेची फी उतरली का? नाही. उतरला तो शेतकऱ्याचा माल.

इथे कामगाराने थांबून विचार केला पाहिजे, कारण सरकार नेमके इथेच आपल्याला आपल्या भावाशी लढवते. कांद्याचे घ्या. १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसवले. नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले. तेवढ्याने भागले नाही म्हणून ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातच बंद केली. ४ मे २०२४ पर्यंत बंदी. ती उठवली तीही ४० टक्के शुल्क ठेवून; सप्टेंबर २०२४ मध्ये ते २० टक्के केले, आणि १ एप्रिल २०२५ ला काढले. या सगळ्या काळात सांगितले काय गेले? शहरातल्या गरिबासाठी, कामगारासाठी हे करतो आहोत! अहो, पण शहरातला कामगार कोण? तो लासलगावचा, निफाडचा, खटाव-माणचा, कागल-गडहिंग्लजचा शेतकऱ्याचाच पोर की नाही? गावाकडे कांद्याला भाव आला नाही म्हणजे त्यालाच पगारातून घरी जास्त पाठवावे लागतात. एका हाताने किलोमागे दहा-पंधरा रुपये वाचवून दिले आणि दुसऱ्या हाताने त्याच्या बापाचे हजारो काढले. आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात ते हेच. शेतकऱ्याचा भाव पाडून कामगाराची महागाई कमी करायची, म्हणजे मालकाला पगार वाढवायला नको. बंदी उठली पाहिजे असे शेतकरी म्हणतो तेव्हा कामगाराने त्याच्या बाजूला उभे राहावे. आणि पगार भावाशी बांधा असे कामगार म्हणतो तेव्हा शेतकऱ्याने. मधला दलाल मात्र दोघांकडे पाहून हसतो आहे, त्याच्यावर बंदी आल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

फुकट धान्याबद्दल आणि खात्यातल्या पैशाबद्दल आमची भूमिका स्पष्ट असू द्या. घ्यावे. जरूर घ्यावे. तो आपल्याच कराचा पैसा आहे; २०२२ च्या जुलैत पाकीटबंद पिठावर आणि दह्यावर ५ टक्के कर बसवला तेव्हा श्रीमंत-गरीब भेद कुणी केला नव्हता. माणशी पाच किलो धान्य मिळते, त्याने चूल पेटते, हे नाकारणारा पोट भरलेला असतो. पण त्या योजनांची गोम पाहा. महाराष्ट्रात अन्नसुरक्षा कायदा २०१४ साली लागू झाला तेव्हा शहरी कुटुंबासाठी उत्पन्नाची मर्यादा ठरली वर्षाला ५९,००० रुपये. महिन्याला पाच हजारही नाहीत! या मर्यादेला निर्देशांक जोडला नाही. म्हणजे महागाईमुळे तुमचा पगार दोन हजारांनी वाढला की तुम्ही कागदावर श्रीमंत झालात आणि कार्डावरून उडालात. लाडक्या बहिणीचे तसेच. जुलै २०२४ पासून महिना १,५०० रुपये धरले. त्याच वर्षीच्या निवडणुकीत २,१०० चे वचन दिले गेले. पण १,५०० असोत की २,१००, ती रक्कम कुठल्या आकड्याशी बांधली? कशाशीच नाही. दरसाल डाळतेल तिला कुरतडत जाणार आणि पाच वर्षांनी पुढारी पुन्हा दारात येऊन नवी रक्कम पुकारणार. हक्काचा पैसा आपोआप वाढतो. मर्जीचा पैसा निवडणुकीला वाढतो.

आता सीमाभाग. हे पुस्तक विकत घेणाऱ्यांत बेळगाव, निपाणी, खानापूरची मंडळी आहेत. त्यांच्यातल्या काहींना वाटेल, इथे भाषेचा प्रश्न, आणि हे गिरणीवाले महागाई काय सांगत बसले? पण पाहा. १९४८ च्या किमान वेतन कायद्याखाली महाराष्ट्रात मजुरीतला भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, निर्देशांकाप्रमाणे बदलण्याची रीत पडली. कर्नाटकात तो बदलत आला वर्षातून एकदा, १ एप्रिलला. मूळ दर कुठे जास्त कुठे कमी, तो हिशेब निराळा. पण भाव चढल्यानंतर पगार किती दिवसांनी मागे धावतो, एवढेच पाहिले तर कागलचा कामगार सहा महिने थांबतो आणि पलीकडे निपाणीचा वर्षभर. दोघांत अंतर किती? एका बसच्या तिकिटाचे. बाजार एक, तेलाचा डबा एक, आणि १ नोव्हेंबर १९५६ ला मधे ओढलेली रेघ.

शिवाय हा पगाराचा सरकारी हुकूम निपाणीच्या बिडी कामगार बाईला वाचता यायचा नाही, कारण तो तिच्या भाषेत येत नाही. ज्या भागात भाषिक अल्पसंख्य १५ टक्क्यांहून जास्त, तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात असे दिल्लीनेच मान्य केलेले आहे. मराठी शाळा, मराठी पाट्या यांच्यासाठी आपण भांडतो, बरोबरच आहे. त्याच दमात मराठी पगारचिठ्ठी का मागू नये? आणि स्पष्ट सांगतो, कानडी कामगाराशी आमचे भांडण नाही. त्याला कानडीत मिळो, आम्हाला मराठीत मिळो. फसवायचा झाला तर मालक दोघांना इंग्रजीत फसवतो.

२००४ पासून सीमेचा दावा सुप्रीम कोर्टात आहे. तो निकाल लागेल तेव्हा लागेल. पण पगाराच्या वहीसाठी कोर्टाची वाट पाहण्याचे कारण नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी वेतन संहिता लागू झाली आणि जुना किमान वेतन कायदा गेला. तिच्याखालच्या नियमांत भत्ता दर तीन महिन्यांनी बदलावा, दोन्हीकडे. तो कंत्राटी, बदली, घरी बसून बिड्या वळणारी, सगळ्यांना लागू असावा. रेशनची मर्यादा आणि खात्यात पडणारी रक्कम त्याच निर्देशांकाला बांधावी. आणि निर्देशांकासाठी ज्या बाजारात भाव टिपतात, बेळगाव त्यातले एक केंद्र आहे, सोलापूर आहे, मुंबई आहे, तिथे टिपलेला भाव त्याच आठवड्यात त्याच बाजारात फळ्यावर लिहावा, मराठीत, बेळगावात कानडीतही. ज्या बाईने सकाळी तूरडाळ घेतली तिने संध्याकाळी फळा वाचावा आणि खोटा असेल तर तिथल्या तिथे बोलावे.

या मागणीचे ठराव गिरण्यागिरण्यांत, कारखान्यांत, बिडी कामगारांच्या सभांत मांडायचे आहेत. ठरावाच्या दोन प्रती कराव्यात. एक मुंबईला, एक बेंगळुरूला. आणि सोबत गेल्या महिन्याचे वाण्याचे बिल जोडायला विसरू नये.